‘स्पोर्टलाइन आहे,’ असं विकणारे म्हणाले

जर्मनीत जुन्या मर्सिडीजच्या जाहिराती चाळायला लागलं की ‘स्पोर्टलाइन’ हा शब्द पावलोपावली भेटतो. स्पोर्टलाइन म्हणजे मर्सिडीजने कारखान्यातच बसवून दिलेलं, गाडी थोडी खाली आणणारं कडक सस्पेन्शन. गाडी जराशी खाली बसलेली दिसली की विकणारा तो ठोकून देतो. मी घेतली त्या गाडीच्या जाहिरातीतही होता. मर्सिडीज १९० ई, १९९० चं मॉडेल, दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, गडद निळा रंग, सीटांचं चौकडीचं कापड अजून शाबूत. पुढून मात्र ती इतकी बसलेली, की टायर आणि मडगार्डच्या मध्ये आडवी दोन बोटं जेमतेम जावीत. मागून बरीच वर.

‘कारखान्यातूनच अशी आली, स्पोर्टलाइन आहे,’ विकणारे गृहस्थ म्हणाले. ते तिसरे मालक. आधीच्या दोघांनी काय काय केलं ते त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि त्या दिवशी मलाही तो वाद उकरायचा नव्हता. थंड इंजिन एका किल्लीत सुरू झालं, खालचा पत्रा कोरडा होता, जॅक लावायच्या जागा गंजाने खाल्लेल्या नव्हत्या. जुन्या गाडीत पत्रा चांगला असला की बाकीचं निभावतं. घेतली.

१९०च का, हे सांगायला हवं. मी चिंचवडची. १९९५ साली पुण्यात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली ती टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात, आणि जुळायची ती डब्ल्यू १२४, म्हणजे ई २२०. बाबा तेव्हा टेल्कोतच, पण ट्रकच्या बाजूला. ती गाडी लांबून बघून आले आणि घरी येऊन आठवडाभर तिच्या दारांच्या आवाजाबद्दल बोलत होते. पुढे मी नोकरीसाठी श्टुटगार्टजवळ आले तेव्हा १२४ घ्यायचंच मनात होतं, पण आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ती मावेना. १९० ई म्हणजे डब्ल्यू २०१, ही तिची धाकटी बहीण. वयाने खरं तर मोठी: ही १९८२ च्या शेवटी आली, १२४ त्यानंतर दोन वर्षांनी. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्यांनी धरून ठेवायची मर्सिडीजची प्रसिद्ध मांडणी आधी हिच्यात आली, मग १२४ मध्ये.

तर मुद्दा सस्पेन्शनचा. पिंपरीत कुणी गाडी ‘लोअर’ करून आणली तर पोरं दोन मिनिटं बघतात आणि पुढे जातात. इथे ते सरकारी प्रकरण होतं. वाहन परवाना नियमावलीच्या कलम १९ प्रमाणे धोका वाढेल असा बदल परवानगीशिवाय केला तर गाडीची रस्त्यावर चालवायची मान्यताच संपते. स्प्रिंग बदलली तर तिच्यासोबत तांत्रिक दाखला लागतो, त्या दाखल्यावरून परीक्षक अभियंता गाडी तपासतो, आणि बदल गाडीच्या कागदावर चढतो. शिवाय मला हवी होती एच नंबरप्लेट. नंबराच्या शेवटी एच असलेली ही पाटी ३० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला मिळते. वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो, आणि शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांत हिरव्या स्टिकरशिवाय जाता येतं. पण त्यासाठी तज्ज्ञ गाडी उलटीपालटी करून बघतो. बदल चालतात, पण त्या काळातले. पहिल्या नोंदणीपासून दहा वर्षांच्या आत झालेला, किंवा निदान त्या दहा वर्षांत होऊ शकला असता असा. माझ्या गाडीसाठी ती हद्द २०००.

कागदातला रकाना २२ शेऱ्यांचा असतो. तो माझ्या गाडीच्या कागदावर कोरा होता. म्हणजे दोनच शक्यता. एक, विकणारे म्हणाले ते खरं: सस्पेन्शन कारखान्याचं, म्हणून शेरा लागलाच नाही. दुसरी, कुणीतरी बाहेरचं सामान बसवलं आणि कागदावर चढवलं नाही, किंवा चढवलं होतं आणि २००५ मध्ये नव्या धाटणीचे कागद आले त्यानंतर कधीतरी ते उतरवून घ्यायचं राहिलं. जुन्या पुस्तिकेत हे शेरे ३३ व्या रकान्यात असायचे. ती पुस्तिका मालकांकडे नव्हती.

पहिल्या शक्यतेचा निकाल लावणं सोपं. प्रत्येक मर्सिडीजचं कारखान्यातलं एक डेटाकार्ड असतं. गाडी आपल्या नावावर असल्याचा कागद आणि ओळखपत्र दाखवलं की अधिकृत विक्रेत्याच्या सुट्या भागांच्या खिडकीवर ते छापून मिळतं. एका पानावर गाडीची कुंडली असते: चासी नंबर, इंजिन नंबर, रंग, आणि मग तीन आकडी कोडांची रांग. ४१२ म्हणजे विजेवर उघडणारं सनरूफ, ५७० म्हणजे पुढच्या सीटांमधला हात टेकायचा दांडा. स्पोर्टलाइनचं कोड ९५२. माझ्या कार्डावर ४१२ होतं, ५७० होतं. ९५२ नव्हतं.

खिडकीवरच्या बाईंनी कागद माझ्याकडे सरकवत भुवया उंचावल्या. हा प्रश्न घेऊन येणारी मी काही पहिली नसणार.

म्हणजे सामान बाहेरचं. पण कोणाचं, कुठलं, किती? इथे एक सोय झकास आहे: भाड्याचं गॅरेज. तासावर लिफ्ट मिळते, हत्यारं मिळतात, आणि मालक असा एखादा म्हातारा असतो ज्याला विचारलं नाही तरी सांगायचं असतं. एका शनिवारी सकाळी गाडी तिथे नेली आणि लिफ्टवर चढवली.

ज्यांनी १९० ची पुढची बाजू खालून बघितलेली नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग एकाच दांड्यावर असतात, स्प्रिंग शॉकअपभोवती गुंडाळलेली. इथे दोघांची घरं वेगळी. शॉकअप बाहेरच्या बाजूला उभा, तो चाकाला सरळ धरतो. स्प्रिंग आत, खालच्या आर्मवर, म्हणजे चाक गाडीशी जोडणाऱ्या आडव्या दांडीवर बसलेली, वरचं टोक पत्र्याच्या खोल वाटीत. त्यामुळे चाक काढलं तरी स्प्रिंगचं वरचं टोक दिसत नाही. मागे आणखी पंचाईत: स्प्रिंग खालच्या आर्ममध्ये बसते आणि त्या आर्मला खालून काळं प्लास्टिकचं झाकण असतं. झाकण काढल्याशिवाय खालचा वेढा दिसायचा नाही.

आधी नजर गेली शॉकअपकडे, कारण ते पिवळे होते. चारही. पिवळं म्हटलं की इथला प्रत्येक गाडीवेडा ‘बिलस्टाइन’ म्हणतो, आणि ते बरोबरही असतं: बिलस्टाइनच्या बी ६ आणि बी ८ या कडक मालिका पिवळ्या असतात. बी ६ मूळ लांबीचा, बी ८ आखूड, खाली आणलेल्या स्प्रिंगसाठी. पण कोनीचा स्पोर्टही पिवळाच, कोनीचा दुसरा प्रकार लाल, आणि पिवळ्या रंगाचा स्प्रे कुठल्याही दुकानात मिळतो. म्हाताऱ्याने टॉर्च मागच्या उजव्या शॉकअपच्या खालच्या बोल्टावर धरला आणि काही बोलला नाही. बोल्टाचं डोकं पिवळं होतं. नटही पिवळा. रबरी बुशच्या कडेवरही पिवळा शिंतोडा. शॉकअप जागेवर असतानाच कुणीतरी रंगवला होता. थिनरचा बोळा फिरवला तर खाली काळा रंग आणि आत ठोकलेला नंबर: २०१, मग ३२६. म्हणजे चक्क मर्सिडीजचा.

मर्सिडीजच्या भागांच्या नंबरांची पद्धत एकदा कळली की अर्धं काम होतं. पहिले तीन आकडे गाडीचे: २०१ म्हणजे १९०, १२४ म्हणजे १२४. पुढचे तीन भागाच्या गटाचे. ३२० पुढचे शॉकअप, ३२१ पुढच्या स्प्रिंगा, ३२४ मागच्या स्प्रिंगा, ३२६ मागचे शॉकअप. त्यानंतरचे आकडे नेमका भाग सांगतात. भंगारवाल्याच्या ढिगातसुद्धा या सहा आकड्यांवरून भाग हातात घ्यायचा की नाही ते ठरतं. पुढचे दोन शॉकअप मात्र खरोखर बिलस्टाइनचे होते. पिवळा रंग पक्का, भट्टीतला, आणि स्टिकरचा अर्धा तुकडा शिल्लक. नंबर मालिकेच्या यादीत ताडून बघितला तर मूळ लांबीचा बी ६. आखूड नव्हे.

मग मागचं झाकण. चार स्क्रू, त्यातले दोन गंजून एकजीव झालेले, त्यांना तेल पाजून बसवलं आणि तोवर म्हाताऱ्याच्या हातची कॉफी प्यायले. झाकण निघालं तेव्हा आतून वाळलेल्या पानांचा आणि मिठाचा चुरा पडला. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते असल्या खोबणीत साठतं आणि स्प्रिंगचा खालचा वेढा कुरतडतं. १९० आणि १२४ च्या मागच्या स्प्रिंगा तिथेच तुटतात. पण माझ्या दोन्ही स्प्रिंगा धडधाकट, बाकी सगळ्यापेक्षा स्पष्ट नव्या, आणि कागदी पट्टी अजून चिकटलेली: २०१, ३२४. मर्सिडीजचीच. म्हणजे आधीची कुठलीतरी तुटली असणार, गॅरेजने चासी नंबर टाकून कारखान्याची जोडी मागवली असणार. पुढे काय बसलंय याच्याशी त्यांना काय देणंघेणं? गाडी पुढून खाली आणि मागून वर का होती, ते इथे उलगडलं.

राहिल्या पुढच्या स्प्रिंगा. सगळा खेळ तिथेच होता.

बाहेरच्या स्प्रिंगवर बनवणाऱ्याची खूण असते. जर्मन कंपन्यांच्या बाबतीत नंबर आणि शेवटी दोन अक्षरं: पुढच्या ॲक्सलसाठी व्हीए, मागच्यासाठी एचए. आयबाख फिनेनट्रोपची, एच अँड आर लेनेश्टाटची, दोन्ही गावं झाउअरलांडमध्ये शेजारीशेजारी. निम्म्या युरोपच्या गाड्या खाली बसवायचं काम त्या एका खोऱ्यात चालतं म्हणा ना. बिलस्टाइनचं एनेपेटालही तिथून फार लांब नाही. कोनी तेवढी हॉलंडची. पण ३० वर्षांच्या स्प्रिंगवर छापलेली अक्षरं राहत नाहीत. राहिली तर ठोकलेली राहतात, आणि तीही रंगाच्या, ग्रीसच्या आणि चिखलाच्या थराखाली.

पितळी ब्रश घेतला. पोलादी ब्रशने स्प्रिंगवर ओरखडे पडतात आणि ताणाखालच्या पोलादाला ओरखडा चालत नाही. आधी ब्रेक क्लीनर, मग ब्रश, मग फडकं, पुन्हा तेच. उजव्या स्प्रिंगवर काही सापडलं नाही, कारण खुणेची बाजू आत पत्र्याकडे होती. डाव्या स्प्रिंगच्या खालून दुसऱ्या वेढ्यावर बोटाला काहीतरी खडबडीत लागलं. टॉर्च आडवा धरून बघितलं तर आकड्यांच्या सावल्या. म्हाताऱ्याने खिशातून खडूचा तुकडा काढला. खडू वेढ्यावर आडवा घासला आणि वरवर पुसला. खाचांमध्ये पांढरं राहिलं आणि नंबर उठला. शेवटी व्हीए अगदी ठसठशीत. मधला एक आकडा मात्र तीन की आठ, काही केल्या ठरेना. फोनचा कॅमेरा, आरसा, टॉर्च डावीकडून, टॉर्च उजवीकडून. मला तीन वाटायचा, त्याला आठ.

इथे मोजमाप कामाला येतं. स्प्रिंगच्या तांत्रिक दाखल्यात नुसता नंबर नसतो. तारेची जाडी, वेढ्याचा बाहेरचा व्यास, वेढ्यांची संख्या, मोकळी म्हणजे दाब नसतानाची लांबी, ताणाची रेषा सरळ की चढती, रंग आणि लेप, सगळं तक्त्यात असतं. शिवाय ती स्प्रिंग कुठल्या मॉडेलला आणि पुढच्या ॲक्सलवर कमाल किती किलो भार असेल तिथपर्यंत चालते, तेही. मोकळी लांबी स्प्रिंग बाहेर काढल्याशिवाय कळत नाही, पण जाडी आणि व्यास जागेवर मोजता येतात. व्हर्निअर घेऊन जाडी मोजायची ती लेप उडालेल्या ठिकाणी, नाहीतर लेपाचीच जाडी धरली जाते. वेढे खालून वर बोट फिरवत मोजायचे आणि वरच्या वाटीत गेलेला भाग अंदाजाने धरायचा. माझ्या स्प्रिंगचे वेढे सगळीकडे सारख्या अंतरावर नव्हते. वर दाट, खाली विरळ. म्हणजे चढत्या ताणाची, जितकी दाबावी तितकी कडक होत जाणारी. कारखान्याची त्या जागची स्प्रिंग अशी दिसत नाही, एवढं तर शेजारच्या लिफ्टवरच्या १२४ कडे बघूनही कळत होतं.

लिफ्टवर असतानाच आणखी दोन गोष्टी बघून घेतल्या. पहिली, स्प्रिंगचं टोक. खाली आणायची सगळ्यात फुकट युक्ती म्हणजे स्प्रिंगचा वेढा कापणं. आपल्याकडेही करतात, इथेही करायचे. कापलेलं टोक ओळखू येतं: ग्राइंडरची चकाकी किंवा गॅसकटरचा निळसर डाग, आणि ते टोक रबराच्या पॅडच्या पायरीला नीट टेकत नाही. तसं काही असतं तर पुढचा सगळा शोध तिथेच संपला असता, कारण कापलेल्या स्प्रिंगला कुठलाच दाखला नसतो. माझ्या टोकावर मूळ लेप होता. दुसरी, चाकं लोंबत असताना स्प्रिंग हाताने फिरते का. आखूड स्प्रिंग आणि लांब शॉकअप अशी जोडी असली तर चाक पूर्ण खाली गेल्यावर स्प्रिंग सैल पडते, आणि परीक्षक हात लावून ती हलवून बघतातच. दोन्ही हातांनी जोर लावला. हलली नाही.

संध्याकाळी आईला फोन लावला तर बाबांनीच घेतला. काय चाललंय म्हणाले, मी सगळं सांगितलं. ‘अगं, गाडी बसलीय म्हणजे स्प्रिंग गेली. नवीन टाक.’ त्यांचं काही चुकीचं नव्हतं. फक्त कुठली नवीन टाकायची, हा प्रश्न त्यांच्या ट्रकच्या कमानपाट्यांना कधी पडला नसेल.

स्प्रिंग बनवणाऱ्या कंपनीला ईमेल केली: गाडीचं मॉडेल, नंबर दोन्ही शक्यतांसकट, तारेची जाडी, बाहेरचा व्यास, खडू लावलेला फोटो. या कंपन्या जुने दाखले जपून ठेवतात, आणि मागितले की पाठवतात. उत्तर आलं. आकडा आठ होता. तीन असता तर ती स्प्रिंग सहा सिलिंडरच्या १९० ई २.६ ची ठरली असती, तिच्या तारेची जाडी वेगळी. सोबत दाखल्याची पीडीएफ, टाइपरायटरच्या धाटणीचं स्कॅन, आणि त्यावर तारीख १९९० च्या दशकाच्या मध्यातली. म्हणजे एच पाटीच्या दृष्टीने स्प्रिंगा चक्क पात्र! काळातल्या, दाखल्याच्या, माझ्याच मॉडेलच्या.

पण तक्त्याच्या वर एक ओळ होती. संच म्हणून: पुढची अमुक व्हीए, मागची तमुक एचए. दाखला त्या जोडीचा होता. पुढे ही आणि मागे कारखान्याची, असं मिश्रण त्यात बसत नव्हतं. आणि तो संच बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलेलं.

परीक्षक अभियंत्याला कागदं दाखवली. तरुण मुलगा, माझ्यापेक्षा लहान असावा, पण दाखले वाचायची त्याची पद्धत बघण्यासारखी होती: आधी तारीख, मग मॉडेलची यादी, मग अटींच्या बारीक ओळी, आणि सगळ्यात शेवटी फोटो. तो म्हणाला, ‘हे मिश्रण स्वतंत्र तपासणीने पास करता येतं का बघता येईल, पण खर्च बराच आणि निकाल तुमच्या बाजूने लागेलच असं नाही. एक तर मागच्या एचए शोधा, नाहीतर पुढचं मूळ करा.’ एचए जोडी मी शोधली. जुन्या सामानाच्या बाजारात चौकशा टाकल्या. व्हीए मिळत होत्या, एचए कुणाकडे नव्हत्या. मागच्याच स्प्रिंगा तुटतात, हे आधी सांगितलंच.

मूळ करायचं ठरवलं आणि तिथे या प्रकरणातला सगळ्यात मजेदार भाग आला. मी भागांच्या खिडकीवर जाऊन म्हटलं, ‘१९० ई २.० साठी पुढच्या मूळ स्प्रिंगा हव्यात.’ बाईंनी विचारलं, ‘गुण किती?’

मर्सिडीजमध्ये मूळ स्प्रिंग अशी एक नसतेच. १९० आणि १२४ च्या काळात गाडीवर जे जे अतिरिक्त सामान असेल त्याला वजनाप्रमाणे गुण असायचे: सनरूफला इतके, एअरकंडिशनरला इतके, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला इतके. डेटाकार्डावरची कोडं घ्यायची, गुणांची बेरीज करायची, आणि बेरीज कुठल्या पट्ट्यात पडते ते बघून तक्त्यातून स्प्रिंगचा नंबर उचलायचा. तिथेही संपत नाही. स्प्रिंगवर निळा किंवा लाल रंगाचा पट्टा असतो. नंबर तोच, पण भट्टीतून निघताना किंचित मऊ किंवा कडक झालेली. त्या रंगाप्रमाणे वर बसवायचं रबराचं पॅड बदलतं. पॅडच्या कडेला फुगीर बोंडं असतात, एक ते चार. पुढच्या पॅडांत एक बोंड म्हणजे ८ मिलिमीटर जाडी, दोन म्हणजे १३, तीन म्हणजे १८, चार म्हणजे २३. पॅड जागेवर असताना बोट घालून बोंडं मोजता येतात, स्प्रिंग काढायची गरज नाही.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन १९० गाड्यांत, एकीला सनरूफ आणि एसी, दुसरी साधी, तर दोघींच्या ‘मूळ’ स्प्रिंगा वेगळ्या, पॅडं वेगळी. जाहिरातीत ‘मूळ सस्पेन्शन’ लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी कधी गुण मोजले असतील? आणि उलटही खरं: एखादी गाडी कारखान्याच्या स्प्रिंगांवर असूनही चुकीच्या उंचीवर उभी असू शकते, केवळ कुणीतरी चार बोंडांऐवजी एक बोंड घातलं म्हणून. माझ्या मागच्या स्प्रिंगांवर तसंच काहीसं निघालं. गुणांप्रमाणे हवं ते पॅड नव्हतंच. जुनंच, तेल पिऊन फुगलेलं पुन्हा लावलेलं.

गुण मोजायला बसले तेव्हा बाईंनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून पेन घेतलं. बेरीज केली, पट्टा सापडला, स्प्रिंगा, चार पॅडं आणि मागचे बंप रबर यांची ऑर्डर दिली.

पुढच्या स्प्रिंगा बदलणं मी स्वतः केलं नाही, आणि कुणी करायचा विचार करत असेल तर सांगते, करू नका. ती स्प्रिंग आर्म आणि पत्र्याच्या वाटीच्या मध्ये दाबून बसलेली असते आणि बाहेरून पकडायचे साधे कॉम्प्रेसर तिथे शिरतच नाहीत. आतून घालायचा, वेढ्यांत ताटल्या अडकवणारा खास कॉम्प्रेसर लागतो. तो निसटला तर हात जाणं ही नशिबाची बाब. ज्या गॅरेजने केलं तिथल्या मेकॅनिकने ताटल्या लावल्यावर मला हाताने इशारा करून भिंतीपाशी उभं केलं आणि स्वतः स्प्रिंगच्या रेषेत न येता बाजूने पाना फिरवला. स्प्रिंग बाहेर आल्यावर मग मोकळी लांबी मोजली. दाखल्याशी मिलिमीटरभराच्या फरकाने जुळली. आणि उजव्या स्प्रिंगवरची दडलेली खूणही दिसली, अगदी स्वच्छ, न पुसलेली. आठच.

नव्या स्प्रिंगांवर गाडी पहिल्या दिवशी बोटभर जास्तच उंच उभी होती. ती काही किलोमीटर चालल्यावर बसते, म्हणून उंची लगेच मोजायची नाही. मी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं, तो आपला घरगुती हिशेब. कंपनीच्या पद्धतीत मडगार्ड धरत नाहीत, कारण पत्रा पुन्हा बसवलेला असू शकतो. खालच्या आर्मचा कल मोजतात. मग अलाइनमेंट, मग हेडलाइटचा झोत खाली घेणं, कारण नाक वर आलं की समोरच्याच्या डोळ्यात उजेड जातो. पुढचे पिवळे बिलस्टाइन राहू दिले. मूळ लांबीचे होते, मूळ स्प्रिंगशी जमतात, आणि त्यांचा वेगळा दाखला होता. मागच्या मर्सिडीजच्या शॉकअपांवरचा पिवळा रंग मात्र थिनरने पूर्ण काढला. तेवढा हट्ट माझा.

एच पाटीच्या तपासणीला तोच तरुण होता. त्याने टॉर्च आधी पुढच्या स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यावर टाकला, नंबर वाचला, डेटाकार्ड मागितलं, आणि गुणांची बेरीज स्वतः पुन्हा केली. त्यानंतर गंज, ब्रेकच्या नळ्या, सीटबेल्ट, काचांवरचे शिक्के असं बराच वेळ चाललं, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. अहवाल मिळाला.

काढलेल्या व्हीए स्प्रिंगा मी विकायला टाकल्या. जाहिरातीत ‘स्पोर्टलाइन’ लिहिलं नाही. नंबर, तारेची जाडी, मोकळी लांबी लिहिली आणि खडूचा फोटो लावला. कासेलहून एकाचा फोन आला. त्याच्याकडे त्याच संचाची एचए जोडी वर्षानुवर्षं माळ्यावर पडून होती, पुढची तुटली म्हणून. त्याने भाव केला नाही, फक्त दाखल्याची पीडीएफ मिळेल का विचारलं. पाठवली, आणि त्याला म्हटलं की तुमची एचए विकायची वेळ आली तर आधी मला विचारा. तो हसला आणि म्हणाला, ‘आता नाही विकणार.’